लुबोवाची जिरवण्यासाठी त्रेसष्ट देश

रविवार, २८ जानेवारी. सकाळी ७.

लुबोवाचा सूड घ्यायचा. आज पक्कं ठरवलं. तारीख मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण माझा स्वभाव मुळात क्षमाशील आहे आणि लोक त्याचा गैरफायदा घेतात.

काल कावुकीच्या घरी वारस बसवण्याचा विधी झाला. त्याला जाऊन अकरा महिने झाले. व्हीजे कावुकी. परदेशी सिनेमा पडद्यावर चालू असायचा आणि हा कोपऱ्यात माइक धरून आमच्या लुगांडा भाषेत सगळ्यांच्या वतीने एकटाच बोलायचा. हीरो तोच, व्हिलन तोच, हीरोची म्हातारी आई तोच. शिवाय मागच्या बाकावर कुणी घोरत असेल तर त्याला नावानिशी उठवणाराही तोच. काल त्याच्या थोरल्याला झाडाच्या सालीचं वस्त्र पांघरून, हातात भाला देऊन वारस केलं. तो दुबईत सिक्युरिटीत आहे, परवा परत चालला.

मग त्याची आई, म्हणजे कावुकीची बायको, बोलायला उठली. जाजा तेओपिस्ता. जाजा म्हणजे आजी, पण वयामुळे आमची अख्खी न्देबा वस्ती तिला जाजा म्हणते. ती म्हणाली, ह्यांच्या कॅसेटांची पेटी घरात आहे. पोरांना त्यात रस नाही. जो ह्यांचं नीट जपेल त्याला देईन. १८ फेब्रुवारीला, रविवारी, स्वतः घरी येऊन बघेन.

मी उठलोच होतो. कारण त्या कॅसेटा मुळात मी भरलेल्या. ९३ सालापासून आमच्या व्हिडिओ हॉलमध्ये कावुकीच्या माइकला वायर जोडून प्रत्येक खेळ मी रेकॉर्ड केला. सहाशे चाळीस सिनेमे. पुढे सहा वर्षं खपून ते कॉम्प्युटरवर उतरवले आणि घरात जागा नाही म्हणून कॅसेटा त्याच्या त्याला परत दिल्या. तेव्हा पेटीवर हक्क कुणाचा हे काय सांगायचं.

पण माझ्या आधी लुबोवा उठला. हॉलमधला माझा जुना पार्टनर. ९६ साली वेगळे झालो तेव्हा पडदा त्याने नेला, बाकं मला ठेवली. आता पेनड्राइव्हवर सिनेमे भरून देण्याचं दुकान काढून बसलाय. तो भर मांडवात माझ्याकडे बोट करून म्हणाला, आमच्या सालोंगोने एकतीस वर्षं शाळेत जगाचा भूगोल शिकवला, पण त्याच्या कपाटात देश किती? दोन. चीन आणि अमेरिका. एकात लाथा घालतात, दुसऱ्यात गोळ्या.

दोनशे माणसं हसली. त्यात माझी बायको होती. ती जरा जास्तच हसली.

त्याचं पुढचं बोलणं ऐकायला मी थांबलो नाही. जेवणही सोडलं. मटोके, म्हणजे हिरव्या केळ्यांचा लगदा, केळीच्या पानात वाफवलेला होता, वास इथपर्यंत येत होता.

सोमवार, २९ जानेवारी. दुपारी.

मार्ग सापडला.

बाबिर्येला फोन केला. आमच्या जुळ्यांतली थोरली, नैरोबीत एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहे. (ही जुळी झाल्यापासून मी सालोंगो आणि बायको नालोंगो. आमची खरी नावं आता फक्त व्होटर लिस्टमध्ये उरलीत.) तिला मोघम विचारलं की, एखाद्या माणसाचे सिनेमे किती देशांतले आहेत हे जगाला दाखवायचं असेल तर काय करावं. ती म्हणाली, ताता, कुणी काय बोललं का तुम्हाला?

तर असं एक ॲप आहे. आपल्या घरच्याच कॉम्प्युटरवर बसवायचं, परक्याच्या दारात काही ठेवायचं नाही. ते सगळे सिनेमे तपासतं आणि जगाच्या नकाशावर ज्या देशाचा सिनेमा असेल तो देश रंगवतं. जितके जास्त सिनेमे तितका रंग गडद. नकाशा फोनवर, टीव्हीवर, कुठेही उघडतो. फुकट आहे.

प्लॅन: १८ तारखेला टीव्हीवर रंगीत जग. जाजा थक्क. लुबोवा खल्लास. पेटी माझी.

बुधवार, ३१ जानेवारी.

ॲप बसवायला वीस मिनिटं लागतात असं लिहिलंय. मला दोन दिवस लागले, त्यात अकरा तास लाइट नव्हती. म्हणजे माझे स्वतःचे तसे थोडेच धरायचे. बाबिर्येने तिकडून फोनवर एकेक ओळ सांगितली, मी टाइप केली. तिसऱ्यांदा चुकल्यावर ती म्हणाली, ताता, मी सांगते तेवढंच टाइप करा, स्वतःची भर घालू नका. विद्यार्थ्यांशी मी कधी अशा स्वरात बोललो नाही.

शेजारच्या किग्गुंडूचा अवेळी आरवणारा कोंबडाही माझ्या लिस्टवर घेतलाय. लुबोवानंतर तो.

शुक्रवार, २ फेब्रुवारी. सकाळी ९.

ॲपने सगळे सिनेमे तपासले. छत्तीस तास लागले. आता नकाशा उघडतो. चहा नंतर.

९.१०

देश: एक. युगांडा.

काळाकुट्ट. सहाशे चाळीसच्या सहाशे चाळीस सिनेमे युगांडात. बाकी पृथ्वी पांढरी.

दुपारी १

बाबिर्येने खुलासा केला. ॲप सिनेमाचा आवाज ऐकतं, भाषा ओळखतं आणि भाषेवरून देश ठरवतं. सगळीकडे कावुकी लुगांडा बोलतोय. मग दुसरं काय दिसणार, असं तिचं म्हणणं. वर म्हणाली, पण ताता, बरोबरच आहे ना? ते सिनेमे आपलेच आहेत, कावुकीकाकांचे.

ही मुलगी भूगोलात नेहमीच कच्ची होती.

लुबोवाला हा नकाशा दिसला तर तो म्हणेल, दोन देश म्हटले ते सुद्धा जास्तच झाले, सालोंगो तर घराबाहेरच पडला नाही. मेलेल्या कावुकीने माझ्या पाठीत असा सुरा खुपसावा हे मनाला लागलं.

रविवार, ४ फेब्रुवारी.

चर्चला गेलो. शत्रूला क्षमा करा हाच आजचा विषय. हे फादर लुबोवाच्या दुकानातून सिनेमे नेतात.

उपाय सापडला आहे. ॲपला भाषा कळली नाही तर ते देश आपल्याला विचारतं, आणि आपण सांगू तो मुकाट्याने लावतं. तेव्हा भाषा कळता कामा नये. प्रत्येक सिनेमा वेगळा उघडून सेटिंग बदलण्याचाही एक रस्ता आहे, पण त्याला महिना जाईल. त्यापेक्षा एक छोटा प्रोग्राम मिळाला, तो एका दमात सगळ्या फाइलींमधला आवाज काढून टाकतो. हे बाबिर्येला विचारलं नाही. तिचा स्वर मला आवडत नाही.

प्रोग्रामने एकच प्रश्न विचारला: मूळ फाइली ठेवायच्या का? डिस्कवर जागा नाही. नाही म्हटलं.

यात घाबरण्यासारखं काही नाही. मूळ आवाज कॅसेटांवर आहे. कॅसेटा पेटीत आहेत. पेटी १८ तारखेला माझ्याकडे येणार. मग पुन्हा सावकाश उतरवून घेईन, आधीपेक्षा चांगला. मागच्या वेळी थोडी खरखर राहिलीच होती. थोडक्यात, दोन्हीकडून फायदा.

मंगळवार, ६ फेब्रुवारी. दुपारी ३.

झालं. ६४० पैकी ६४०. एकही एरर नाही. माझ्या आयुष्यात एखादं काम पहिल्यांदाच एवढं सुरळीत पार पडलं असेल.

गुरुवार, ८ फेब्रुवारी.

आता देश वाटप. लोकांना वाटतं सिनेमा कुठला हे नट बघून कळतं. चूक. वनस्पती बघायची. प्रत्येक सिनेमा तीस सेकंद, मूकच, झाडं आणि माती बघत. पानं सुईसारखी आणि बर्फ: फिनलंड. बर्फ पण झाडं नाहीत: मंगोलिया. तांबडी माती: पराग्वे. वाळू: चाड. वाळू आणि उंट: मॉरिटानिया. एका मारामारीत मागे डोंगर होता आणि एकाने अंगावर घोंगडी घेतली होती. लेसोथो. एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

आज १४ देश.

नालोंगोने मागून बघितलं. तिचं म्हणणं, फिनलंड म्हणून मी लावलेला सिनेमा तिने वीस वेळा पाहिलाय आणि त्यात पहिल्याच मिनिटाला अमेरिकेचा झेंडा आहे. मी म्हटलं, झेंडा कुठेही नेता येतो. झाड नेता येतं का?

शनिवार, १० फेब्रुवारी. सकाळी ११.

शत्रूच्या गोटात जाऊन आलो. डोक्यावर हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात मफलर. लुबोवाच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या मागे उभं राहून त्याचा साठा मोजायचा बेत होता. मोजत बारा सिनेमांवर आलो होतो तेवढ्यात तो म्हणाला, सालोंगो, डोळे आलेत का? आणि खुर्ची दिली. सोडा मागवला. नालोंगो कशी आहे, गुडघा कसा आहे, सगळं विचारलं. मग आतून चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट आलं. दोन खाल्ली. सूड हा रिकाम्या पोटी घ्यायचा नसतो.

निरीक्षण: त्याच्याकडे कावुकीचं फारसं नाही. गेल्या दोन वर्षांतलं थोडंसं, कावुकी खोकत होता तेव्हाचं. बाकी सगळे नवे व्हीजे. म्हणाला, जुना कावुकी माझ्याकडे कुठला, तेव्हा मी जनरेटर बघायचो, रेकॉर्डिंग तू करायचास. असं म्हणून हसला. हे हसणं मला नेहमीच संशयास्पद वाटत आलंय.

सोमवार, १२ फेब्रुवारी.

३९ देश. दक्षिण अमेरिका पूर्ण. गयानाला एक चिखल दिला.

मंगळवार, १३ फेब्रुवारी.

५१. मध्य आशिया आटोपला. तिथली मला चांगली जाण आहे.

नकाशाचा पत्ता लुबोवाला पाठवला, खाली काही न लिहिता. कोण कधी नकाशा बघून गेलं हे ॲपमध्ये दिसतं. आतापर्यंत एकूण ११५ भेटी. ११४ माझ्या. एक त्याची, चार मिनिटांची. चार मिनिटं माणूस उगाच बघत नाही. जळला असणार.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला: वा सालोंगो, केवढी मेहनत. जाजाला आनंद होईल.

काय हा कावेबाजपणा.

गुरुवार, १५ फेब्रुवारी.

घरात कुरबुर. नालोंगो कित्येक वर्षं दुपारी इस्त्री करताना कावुकी लावते. पडद्याकडे बघत नाही, नुसती ऐकते आणि हसते. आज टीव्ही लावला तर आवाज नाही. स्पीकर बिघडलाय म्हटलं. मग दुरुस्त कर म्हणाली. रविवारनंतर बघू म्हटलं. तिने दोन शर्ट इस्त्री केले आणि बाकीचे तसेच गुंडाळून ठेवले. म्हणाली, गप्प घरात हात चालत नाही.

तिच्या डोळ्यांसमोर मोठं चित्र नाही.

५८ देश.

शनिवार, १७ फेब्रुवारी. दुपारी ४.

६३.

माझं काम झालं. युगांडा मात्र पांढरा राहिला. मुद्दाम लावला नाही. स्वतःचं घर कुणी नकाशात शोधत नाही.

रंगीत तालीम घेतली. शाळेतली छडी शोधून काढली, तिने देश दाखवायचे. भाषण वीस मिनिटांचं. सुरुवात: जाजा, कुणी म्हणतं माझ्याकडे दोन देश आहेत. इथे थांबायचं. लुबोवाकडे बघायचं. मग छडी. लुबोवालाही मुद्दाम आमंत्रण दिलंय. म्हणाला, येतो की, जाजाला गाडीतून मीच आणतो. स्वतःच्या पायांनी चालत येणारा बळीचा बकरा मी पहिल्यांदाच बघतोय.

रविवार, १८ फेब्रुवारी. सकाळी ६.३०.

लाइट आहे. टीव्ही पुसला. किग्गुंडूच्या कोंबड्याने आज बांग सुद्धा वेळेवर दिली. सगळी सृष्टी माझ्या बाजूने आहे.

सायंकाळी ६.

लिहायचं म्हणून लिहितो.

जाजा तीन वाजता आली. नवी गोमेसी नेसून, कंबरेला मोठा पट्टा बांधून. लुबोवाने मागून पेटी आणली आणि दारातच ठेवली. मी भाषण सुरू केलं. दोन देश म्हणून थांबलो, लुबोवाकडे बघितलं. तो हसून मान डोलवत होता. मग छडीने त्रेसष्टच्या त्रेसष्ट दाखवले. जाजाने एकेक करत सगळे बघितले. मग म्हणाली, छान रंग आहेत. आपण कुठे आहोत?

मी म्हटलं, आपलं काय दाखवायचं, जाजा.

ती म्हणाली, असू दे. तुला एक सांगते, सालोंगो. पेटीचं तर गेलंच. गेल्या आठवड्यात लुबोवाला बघायला सांगितलं. सगळ्या कॅसेटांना बुरशी लागलीय, फितीला फीत चिकटलीय. एकही लागत नाही. मी तर रडायलाच बसले. पण हा म्हणाला, काळजी कशाला करतेस, सालोंगोकडे सगळं आहे, पहिल्या दिवसापासूनचं. त्या दिवशी मांडवातही तेच सांगत होता, दोन देश असू देत पण कावुकी संपूर्ण त्याच्याकडेच आहे, पेटी त्यालाच दे. तू तेवढ्यात कुठे उठून गेलास?

मी छडी दुसऱ्या हातात घेतली.

ती म्हणाली, अकरा महिने ह्यांचा आवाज ऐकला नाही. फोनमध्ये होता तो पोराने फोन बदलला तेव्हा गेला. तू लाव काहीतरी. म्हातारीचं काम करायचे ना, ती सुनेला शिव्या देते, ते लाव. माझीच नक्कल करायचे मेले.

मी फिनलंड लावला. बर्फात म्हातारी आली, तिचे ओठ हलले. आवाज नाही. मी व्हॉल्यूम वाढवला. मग चाड लावला. मग लेसोथो. मग पराग्वे. जाजा हात मांडीवर ठेवून पुढे वाकून बसली होती, आवाज बारीक असेल आणि आपल्यालाच ऐकू येत नसेल अशी. सात देश लावले. सगळीकडे माणसं तोंड उघडत होती आणि मिटत होती.

लुबोवा उठला. टीव्हीच्या मागे गुडघ्यांवर बसून एकेक वायर तपासली. आयुष्यभर जनरेटर बघितलेला माणूस तो, त्याला काय कळायचं राहतंय. मग कॉम्प्युटरपाशी आला. एक फाइल उघडली, दुसरी उघडली. माझ्याकडे बघितलं. मी छडीकडे बघितलं.

वाटलं, आता बोलेल. भर मांडवात बोलला तसा. मी त्याच्या जागी असतो तर बोललो असतो. तीन आठवडे त्याचीच तयारी केली होती.

तो म्हणाला, जाजा, ह्याचा स्पीकर जळलाय. पार्ट मागवावा लागेल.

जाजा म्हणाली, मग होऊ दे, माझी कसली घाई आहे. तिने शेंगदाण्याच्या रस्स्याबरोबर थोडा मटोके खाल्ला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, तू होतास म्हणून हे राहिलं.

पेटी दारातच राहिली. मला मिळाली.

सोमवार, १९ फेब्रुवारी.

पेटीतल्या सगळ्या कॅसेटा काढून उन्हात ठेवल्या. एक उघडली, फीत हातात तुटून आली.

बाबिर्येला फोन केला. काढून टाकलेला आवाज परत आणता येतो का.  तिने विचारलं, किती फाइलींचा? मी म्हटलं, सहज विचारतोय.

मंगळवार, २० फेब्रुवारी.

काही नाही.

माझ्या वहीत लिस्टवर लुबोवाचं नाव पहिलं आहे. ते खोडायला पेन घेतलं आणि ठेवून दिलं. खोडलं तर त्याच्या जागी कुणाचं लिहायचं?

बुधवार, २१ फेब्रुवारी. दुपारी २.

लुबोवा आला. एकटाच, दुकान बंद करून. शिव्या देईल म्हणून मी तयार होऊन बसलो होतो, बरं वाटलं असतं. त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला. कावुकीचे शेवटच्या दोन वर्षांतले अकरा सिनेमे. मधे मधे खोकला आहे, म्हणाला, पण म्हातारीचा आवाज एका ठिकाणी काढलाय.

मी विचारलं, तू माझ्यावर चिडला नाहीस? तो म्हणाला, चिडलोय. पुष्कळ वर्षं चिडेन. आधी हे लावून घे.

लावून घेतले. मग नकाशावरचे त्रेसष्ट देश एकेक करून पुसायला बसलो. तो शेजारी बसून बघत होता. गयानाचा चिखल पुसताना म्हणाला, हा सिनेमा तर आपण दोघांनी पहिल्याच आठवड्यात लावला होता, कावुकीने त्या चिखलावर पाच मिनिटं भाषण ठोकलं होतं. काय बोलला होता रे? मला आठवलं नाही. त्यालाही आठवलं नाही.

ॲपने अकरा सिनेमे ऐकले आणि युगांडा उमटला. इतका फिकट की चष्मा लावून बघावा लागतो. देश एक, सिनेमे अकरा. अकराही लुबोवाचे.

जाजाला रविवारी बोलावलंय. खरं काय ते मी तिला सांगेन म्हटलं. लुबोवा म्हणाला, तू गप्प राहा, सालोंगो, तू तोंड उघडलंस की देश वाढतात. आणि गेला.

त्यातला एक सिनेमा चालू ठेवला होता. आतल्या खोलीतून नालोंगो गुंडाळून ठेवलेले शर्ट घेऊन आली, इस्त्री गरम केली आणि ऐकत उभी राहिली. कावुकी खोकला, मग म्हातारीच्या आवाजात सुनेला काहीतरी म्हणाला. ती हसली. म्हणाली, चला, झाला एकदाचा स्पीकर दुरुस्त. पण हे आजारपणातलं नको, ते जुने सगळे लाव, पहिल्यापासून.

मी हो म्हटलं.